आजोबांचा हात

नव्या घराच्या भिंतीवर लावायला मी जुन्या घडणीचं नकली रिव्हॉल्व्हर घेतलं. ते फारच चकचकीत होतं, म्हणून जुनं करून घ्यायला बबनकाकांच्या कारखान्यात नेलं. त्यांनी नळीचं काळं पॉलिश व्हिनेगरनं उतरवलं, थोडा गंज धरू दिला. मग लाकडी मुठीला काचपेपर लावताना विचारलं, "साहेब, पाहुण्यांना कुणाचं म्हणून सांगणार?"

"आजोबांचं."

"उजवे का डावरे? हात लागतो तिथंच मूठ झिजते."

"उजवे," मी ठोकून दिलं.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, हे मी छाती फुगवून सांगतो. आजोबा खडी फोडायचे, हे मात्र सांगत नाही. ते कोणत्या हातानं फोडायचे, हे तर कधी विचारलंच नव्हतं. बाहेर येऊन वडिलांना फोन लावला.

"डावरे रे! हातोडा शेजारच्याला लागायचा, म्हणून मुकादम त्यांना रांगेच्या टोकाला बसवायचा. आज बरी आठवण झाली?"

त्यांचा आवाज आनंदला होता. आत बबनकाका मुठीची उजवी बाजू झिजवत होते. मी त्यांना थांबवलं नाही.