मान वर करणारे मामा

आमचे मामा फोटोग्राफर. गिऱ्हाईक असो की घरचं माणूस, सगळ्यांना त्यांचा एकच हुकूम, "मान वर!" कुणाचा घोळणा फुटला तरी तेच. कळत काही नाही, पण शिकवायची हौस दांडगी.

काल स्टुडिओत त्यांच्याच नाकातून रक्त आलं. ऐटीत मान वर करून बसले. सगळं रक्त घशात उतरलं आणि भडाभडा ओकले.

मामीनं त्यांना पुढे वाकवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला. म्हणाली, "दहा मिनिटं तोंडानं श्वास घ्या. अवाक्षर काढू नका."

दहा मिनिटांनी तिनं चिमटी सोडली. रक्त थांबलं होतं.

मामा लगेच म्हणाले, "बघ, मान वर केली म्हणूनच..."

मामीनं पुन्हा नाक धरलं.