गाडी थांबली होती

"सही कर," शेठ म्हणाले आणि त्यांनी पेन माझ्या टेबलावर फेकलं. ते घरंगळत खाली पडलं, माझ्या चपलेजवळ.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात तेव्हा शिकायला आलेल्या तीन बाया होत्या, एक कॉलेजचा मुलगा होता आणि मालक होते. मालकांना आम्ही सर म्हणायचो.

"तुझा बाप शनवाऱ्याच्या चौकात टांगा हाकत होता ना? माझा पोरगा घोडा नाही, मॅडम. घोड्याची परीक्षा त्याला लावू नको."

ते मला मॅडम म्हणायचे आणि अगंतुगं करायचे. कोणीतरी हसलं. मी वाकले आणि पेन उचललं.

त्या वाकण्याबद्दल मला लिहायचं आहे.

माझे बाबा खरंच टांगा हाकत. शाळेच्या पोरांचा टांगा. पैसे देणाऱ्यांची मुलं गादीवर बसायची आणि मी पुढे, पायदानावर, घोड्याच्या शेपटीजवळ. वर्गात शिरले की बाई म्हणायच्या, "तू खिडकीपाशी बस, वास येतो." मी बसायचे. त्याच खिडकीपाशी बसून शिकले, बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. त्या शाळेचे उपकार मी आजही मानते. उपकार मानायची सवय मला फार लवकर लागली.

नवं घोडं आणलं की बाबा ते लगेच पोरांच्या टांग्याला जुंपत नसत. आधी काही महिने चारा वाहायचा, पोती वाहायची. मग इतवारा बाजाराच्या भर गर्दीत टांगा उभा करायचे, लगाम सैल सोडायचे आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायचे. चहा संपेपर्यंत घोडं जागचं हललं, तर त्याच्या मागे पोरं बसवायची नाहीत. एक पांढरं घोडं होतं, देखणं, वाऱ्यासारखं पळणारं. चहा अर्धा होईपर्यंत ते निघायचं. लोक बाबांना हसायचे. बाबा म्हणायचे, "दौडणं तर त्याच्या पायातच हाय, बेटा. खडं राहणं शिकवा लागते."

मी गाडी शिकवायला लागले तेव्हा हेच घेऊन आले. क्लच, गियर सगळ्यांना येतं. ते आलं की मी शिकणाऱ्याला इच्छापूर रस्त्याला न्यायचे. तिथे केळी भरणारा ट्रक निम्मा रस्ता अडवून उभा असतो. त्याच्या मागे गाडी उभी करायची. इंजिन चालू. हॉर्न नाही. ट्रक हलेपर्यंत थांबायचं. लोक कंटाळायचे, जांभया द्यायचे, सासूच्या गोष्टी सांगायचे. पण थांबायचे.

कुणालला थांबता आलं नाही.

कुणाल शेठांचा एकुलता एक मुलगा. शेठ केळीचे मोठे व्यापारी. मुलाला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. हात इतका साफ की माझ्याकडे तसा दुसरा कोणी शिकला नाही. पण दोन शाळांनी त्याला काढलं होतं, इंदूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. डोकं फिरलं की जेवणाचं ताट भिंतीवर. घरात त्याला 'गरम मिजाज' म्हणत. आमच्या गल्लीतल्या पोराने हेच केलं असतं तर त्याला पागल म्हणून बांधून ठेवलं असतं. त्याला मात्र गाडी मिळाली.

पोरगा वाईट नव्हता. माझ्यासाठी मावा जलेबी आणायचा आणि म्हणायचा, "दीदी, गरम आहे तोपर्यंत खा, नंतर शिव्या द्या."

त्या दिवशी ट्रकच्या मागे तो थोडा वेळ नीट बसला. मग गुडघा हलायला लागला. मग स्टिअरिंगवर मूठ. "दीदी, चलू ना?" मी म्हटलं, "नाही." दुसरी मूठ पडली आणि गाडी उजवीकडे उसळली. माझ्या पायाखाली शिकवणाऱ्याचा ब्रेक असतो, तो मी दाबला. पुढून एक सायकलवाला निघून गेला. त्याला कळलंही नाही.

कुणाल रडायला लागला.

"हे असंच होतं, दीदी. मी ठरवतो थांबायचं, आणि हात चालून जातो. तुम्ही पप्पांना सांगा, अभी नाही म्हणून. मी बोललो तर ते म्हणतात, नाटक करतोय."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलंही. त्याचं उत्तर म्हणजे ते पेन.

सरांनी मला बाजूला घेतलं. "बेटा, पोरगी गाडी शिकवणार म्हटल्यावर सगळं शहर हसत होतं. तुला इथे कोणी बसवलं? मीच ना? मग माझी इज्जत ठेव."

मी इज्जत ठेवली. प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. काचेच्या दाराबाहेर कुणाल उभा होता, त्याने पाहिलं. मी मान वर केली नाही.

कुणालला लायसन मिळालं. चैत्रात इच्छादेवीला लोक पायी निघतात. रस्त्याच्या कडेने रांग असते. बाया, पोरं, डोक्यावर पिशव्या. कुणालची नवी गाडी त्या गर्दीत सापडली आणि एका बाईच्या अंगावर गेली.

मी सरकारी दवाखान्यात गेले. का गेले, सांगता येत नाही. बाई माझ्या आईच्या वयाची होती. एक पाय गुडघ्याच्या वर कापला होता. तिला वाटलं, मी कुठल्या तरी योजनेचे फॉर्म भरणारी आहे. तिने स्वतःहून सांगितलं.

"गाडी थांबेल होती ना, बेटा. आमच्यासाठीच थांबली असं वाटलं. मी हात बी जोडला त्याला. मग निघाली."

म्हणजे तो थांबला होता. त्याने प्रयत्न केला होता. बाजूच्या सीटवर कोणी नव्हतं आणि दुसरा ब्रेकही नव्हता.

आठवड्याने मोबाइलवर त्याचा व्हॉइस मेसेज आला. एकच वाक्य होतं. "दीदी, तुम्ही तर सांगते म्हणाल्या होत्या." मी ते पुसून टाकलं. उपयोग झाला नाही. ट्रकच्या मागे गाडी उभी केली की, शेजारी कोणीही बसलेलं असो, ते वाक्य मला ऐकू यायचं. डावा गुडघा हलताना दिसायचा. वळून बघावं तर शिकायला आलेली बाई शांत बसलेली असायची. मावा जलेबीच्या दुकानावरून मी आता जात नाही.

मग शेठ पुन्हा आले. या वेळी कुणाल सोबत होता. दाराजवळच्या खुर्चीत बसला, हात मांड्यांखाली दाबून.

शेठांनी आणलेल्या कागदावर आधीच टाइप केलं होतं. कुणाल हा शांत स्वभावाचा, पूर्ण प्रशिक्षित चालक आहे. ती बाई अचानक आडवी आली असावी. खाली आमच्या स्कूलचं नाव आणि सहीसाठी जागा. कागद पोलीस ठाण्यात द्यायचा होता.

"त्या बाईला काही ना काही देऊन टाकू," शेठ म्हणाले. "असे लोक रस्त्यात येतातच. तू सही कर."

पेन पुन्हा टेबलावर आलं. पुन्हा घरंगळलं. पुन्हा खाली पडलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तेच सोनेरी टोपणाचं पेन. माझा हात सवयीने खुर्चीच्या कडेवरून खाली गेला, ते मला आठवतं. मग तो थांबला.

"उचल ना," शेठ म्हणाले.

"नाही."

"काय म्हणाली?"

"तो तयार नव्हता. त्याने स्वतः मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं. तरी मी सही केली. आता दुसरी करणार नाही."

"टांगेवाल्याची पोरगी ती..."

"हो. माझ्या बाबांनी अशा घोड्याच्या मागे कोणाची पोरं बसवली नाहीत. तुमच्यासारख्यांचीसुद्धा नाही."

सर उठून उभे राहिले. "बेटा..." इतकंच बोलले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कुणाल जमिनीकडे बघत होता. मला माफ केल्यासारखा दिसला नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझ्या पर्समधलं पेन काढून मी त्यांच्याच कागदाच्या मागे लिहिलं. हा मुलगा गाडी चालवायला तयार नव्हता. मला ते माहीत होतं. त्याच्या वडिलांना माहीत होतं. आमच्या मालकांना माहीत होतं. माझी आधीची सही खोटी आहे. खाली नाव लिहिलं आणि सही केली. शेठांनी तो कागद ओढून फाडला. घरी जाऊन मी तो पुन्हा लिहिला, दोन प्रती केल्या. एक ठाण्यात दिली आणि पोच घेतली. दुसरी त्या बाईच्या नवऱ्याला वाचून दाखवली. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे यात तुम्ही पण होत्या." मी म्हटलं, "हो, मी पण होते."

नोकरी गेली. शनवाऱ्यावर लोक बोलतात की शेठशी वाकडं घेऊन पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. ओळखीचा एक वकील म्हणाला, मॅडम, हा कागद तुमच्यावरच उलटेल, अजून वेळ आहे, मागे घ्या.

मी मागे घेणार नाही. कोर्टात बोलावतील तेव्हा जे लिहिलंय तेच बोलेन. शिक्षा झाली तर भोगेन. शेठ मागून हॉर्न वाजवतील, सर वाजवतील, घरचेही वाजवतील.

वाजू देत. मी जागची हलणार नाही.