अब्बांच्या हातची मेहराब

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना आजार. शाळेत शिकवतानाही मी खुर्चीवर कमी आणि वर्गात येरझारा घालताना जास्त सापडते. त्यात गेल्या हिवाळ्यात अब्बांनी एक काम सांगितलं आणि होती नव्हती तेवढी स्वस्थताही गेली.

अब्बा गवंडी. सिमेंटचे नव्हेत, चुन्याचे. बैलाच्या घाण्यात मळलेला चुना, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी; त्या चुन्यातून ते भिंतीवर वेलबुट्टी उठवायचे. आता काचबिंदूने दोन्ही डोळे नेलेत, अंथरुणही सुटत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची मेहराब, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतला तो कोनाडा, जिथं इमाम उभे राहतात, ती त्यांच्या हातची. घरात आम्ही दखनी बोलतो, पण कामाची गोष्ट निघाली की अब्बा मराठीवर येतात.

"कमिटी मेहराबीला फरशी लावनार हाय म्हनं," ते म्हणाले. "तू जाऊन बघून ये. माजं काम कसं राह्यलंय ते मला सांग. मग लावू दे त्यांना काय लावायचं ते."

आता ऐका गंमत. माझं माहेर आणि सासर एकाच मोहल्ल्यात. मशीद घरापासून शंभर पावलांवर. पन्नाशी जवळ आली तरी मी तिच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. दुसरीकडे बायका मशिदीत जातात, मी ऐकलंय. आमच्याकडे जात नाहीत.

आणि चर्च मात्र मला पाठ. माझी शाळेतली मैत्रीण ख्रिस्ती. तिच्याबरोबर नाताळला, तिच्या मुलीच्या लग्नाला, तिच्या वडिलांच्या शेवटच्या प्रार्थनेला, किती वेळा गेले त्याला हिशेब नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने चपला दारात काढल्या आणि अनवाणी बाकांमधून जागा शोधत हिंडले. मैत्रीण म्हणाली, "अगं, घाल त्या. इथं देव पायाकडे बघत नाही." नगरातलं ते चर्च दगडी, उंच, खिडक्यांना रंगीत काचा. सकाळी अकराच्या सुमाराला त्या काचांमधून लाल-निळं ऊन बाकांवर सरकत येतं. मला ते इतकं आवडतं की प्रवचनातलं अर्धं माझ्या कानावरून जातं.

तिच्या माहेरचं चर्च शेवगावकडे, एका खेड्यात. तिथला थाट वेगळा. तिथं चपला दारातच, बसायला सतरंजी, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापे, आणि गाणी पेटी-तबल्यावर. कापणीच्या सणाला बाजरीची कणसं, कापूस, भोपळे समोर आणून ठेवतात. त्या चर्चची एक भिंत ढासळली तेव्हा मैत्रिणीच्या ओळखीने ते काम अब्बांना मिळालं. भिंत झाली आणि उरलेल्या दगडात अब्बांनी न विचारता अंगणात चार नळांची ओळ आणि समोर बसायला ठेंगणे दगड बसवले. मशिदीत वजूला असतात तसे. प्रार्थनेला उभं राहायचं म्हणजे आधी हातपाय धुवायचेच, हे त्यांच्या इतकं अंगवळणी की ख्रिस्ती लोक तसं करत नाहीत हे डोक्यातच आलं नाही. चर्चचे पाळक बघतच राहिले. पण लोक रानातून यायचे, मातीने भरलेले पाय धुवायचे. नळ राहिले ते राहिलेच.

मी अब्बांशी यावरून वाद घालायचे. मी म्हणायचे, चर्चमध्ये डोळ्यांना काम असतं. मशिदीत आहे काय बघायला? ते म्हणायचे, "न्हाई तेच बरं. चित्र न्हाई, मूर्त न्हाई, तर मन भटकंल कुटं? म्हून मी वेल पन बारीक काढली. लांबून दिसतच न्हाई." मग ते चर्चमधल्या बाकांच्या विषयावर यायचे. तिथं ज्याचं त्याचं बाक ठरलेलं, दुसरा बसला तर नजरेने उठवतात, हे मीच त्यांना सांगितलेलं. "आमच्यात आदी आला तो फुडं. शेठ आसू दे न्हाई तर हमाल. खांद्याला खांदा. कुनी विचारत न्हाई तू कोन."

"बाई असली की विचारतात," मी एकदा ताडकन बोलले. मलाच नंतर दिवसभर चुटपुट लागली.

नवरा म्हणाला, मी मोबाईलवर व्हिडिओ काढून आणतो. पण अब्बांना व्हिडिओचा काय उपयोग? आणि नवऱ्याचं वर्णन म्हणजे 'छान आहे' या दोन शब्दांत संपणार. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच जायचं होतं. दोन दिवस घरात नुसती आतबाहेर केली आणि तिसऱ्या दिवशी मुतवल्लींकडे, म्हणजे मशिदीची व्यवस्था बघणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेले. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आज जोहरची नमाज झाली की या. असरच्या नमाजआधी निघा. उद्या मिस्त्री येतोय."

एवढंच. इतकी वर्षं मला कुणी नकार दिला नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. याचा राग कुणावर काढायचा तेच कळेना.

दुपारी गेले. हौदावर वजू केला, पदर नीट घेतला. आत चटयांच्या ओळी, बंद पंखे, नमाजच्या वेळांची घड्याळं, आणि शांतता अशी की माझ्याच श्वासाची लाज वाटावी. मेहराबीजवळ गेले तेव्हा वेल दिसली. जाईची. बोट फिरवलं, पाकळ्या मोजल्या, वितीने उंची घेतली. डावीकडचं एक पान अर्धंच होतं. मग खांब बघितले, प्रवचनाचा तीन पायऱ्यांचा मिंबर बघितला, पुन्हा मेहराबीशी आले, फोटो काढले. अर्ध्या तासाने दाराशी कुणीतरी खोकलं, तशी झपाझप बाहेर पडले.

अब्बांना सगळं सांगितलं. मी सांगत होते तशी त्यांची बोटं पांघरुणावर फिरत होती. "डावीकडलं पान?"

"अर्धं आहे."

"व्हय. चुना संपल्ता," ते हसले. मग म्हणाले, "आन नमाज? दोन रकात पढलीस न्हवं तितं?"

मी पढले नव्हते. वजू होता, समोर मेहराब होती, आत चिटपाखरू नव्हतं, आणि मला सुचलंसुद्धा नाही. चर्चमध्ये जाते तशीच गेले, पाहुण्यासारखी, आणि बघून आले.

"नाही पढले," मी म्हणाले.

अब्बांनी माझा हात चाचपून धरला. "आसू दे. मला काय गं, माजी वेल माज्या बोटांत हाय, मला कशाला कुनी बघून सांगाय पायजे? तुला येकदा तितं हुबं ऱ्हायला मिळावं म्हून धाडलं हुतं."

मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी मेहराबीला फरशी लागली. मुतवल्लींकडे मला पुन्हा जायचं आहे. रोज चप्पल पायात घालते आणि काढते. या वेळी अब्बांचं काम सांगता येणार नाही, माझंच सांगावं लागेल.