ज्यांचा पडदा काळा झाला त्यांची मोजणी

आमच्या धंद्याची मला शिसारी आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोकांची मतं गोळा करून विकणारं आमचं ऑफिस चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. खालून चिकटवायच्या द्रवाचा वास येतो, आतल्या केबिनमधून साहेबाच्या अत्तराचा, आणि या दोन्हींच्या मधे बसून मी नऊ वर्षं आकड्यांचे तक्ते काढतोय. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं ते लोकांच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि त्याला जनमत म्हणायचं, एवढंच काम. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना मात्र हे कधी जमलं नाही.

प्रश्नावल्या त्या तयार करतात. ऑफिसात त्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात, मी तोंडावर ताई म्हणतो. नाव ठेवलं चेष्टेने, पण बसलं चपखल. चहा विचारतानासुद्धा त्या "चहा, कॉफी, की काहीच नको?" असं विचारणार, आणि "काहीच नको"वर जोर देणार, म्हणजे माणसाला नाही म्हणायची भीड वाटू नये. त्यांचे यजमान सांगतात, "हिने मला लग्नाचं विचारलं तेव्हा 'अजून ठरलं नाही' हाही पर्याय दिला होता. मी घाबरून पहिल्यावरच खूण केली."

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीचं काम आलं. संगणकात पडद्यावर चित्र उमटवणारं एक कार्ड असतं. त्या कार्डाला संगणकाचं म्हणणं समजावून सांगणारा दुभाषा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. कंपनीने नवा ड्रायव्हर काढला होता आणि जुना बंद करायचा होता. लोक नव्यावर खूश आहेत असा अहवाल मिळाला, की जुन्याला कायमचं कुलूप. मग ज्यांच्या जुन्या कार्डाशी नव्याचं पटत नाही, त्यांनी संगणक भंगारात द्यायचा.

साहेबाने पहिला प्रश्न स्वतः लिहून दिला. "आमचा नवा, वेगवान ड्रायव्हर तुम्हाला किती आवडला? फार आवडला, आवडला, बरा वाटला." ताईंनी तो कागद चिमटीत धरला, मेलेलं झुरळ उचलावं तसा, आणि कचऱ्यात टाकला. त्यांचा प्रश्न असा झाला : "नवा ड्रायव्हर घातल्यापासून काम करताना पडदा काळा झाला का? एकदाही नाही, एकदा, अनेकदा, सांगता येत नाही." निम्म्या लोकांना उत्तरं वरून खाली दिसणार, निम्म्यांना खालून वर, कारण माणूस आळसाने पहिल्याच उत्तरावर बोट ठेवतो. असे चौदा प्रश्न. एकेका शब्दावर त्या दोन-दोन दिवस बसल्या.

प्रश्न लोकांपर्यंत पोचवायचे कसे, यावरही त्यांनी डोकं खपवलं. एरवी सर्वे वेबसाइटवर टाकला की ज्यांना भांडायचंय तेच धावून येतात. म्हणून त्यांनी कंपनीकडून कबूल करून घेतलं, की नवा ड्रायव्हर घातल्यावर बरोबर दहाव्या दिवशी प्रत्येकाच्या संगणकावर प्रश्नावलीची खिडकी आपोआप उघडेल. रागावलेला असो की खूश, सगळ्यांना एकदाच विचारलं जाणार. कंपनी आनंदाने हो म्हणाली. इतक्या आनंदाने, की तिथेच शंका यायला हवी होती. मलाही आली नाही.

अठरा हजार उत्तरं आली. शंभरातले त्र्याण्णव म्हणाले, पडदा एकदाही काळा झाला नाही. साहेबाने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

त्या रविवारी ताई त्यांच्या थोरल्या भावाकडे गेल्या होत्या. दादा घरांचे नकाशे काढतात. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, लँडलाइन फोन, एक जुना संगणक, आणि त्यावर चाललेलं सगळं घर. ताईंनी कौतुकाने सर्वेचं सांगितलं. दादा म्हणाले, "मला नाही कुणी विचारलं."

"दहाव्या दिवशी खिडकी उघडते, दादा. तू घाईघाईत बंद केली असशील."

"अगं, दहा दिवस टिकायला तर हवा! तिसऱ्याच दिवशी पडदा काळा. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी काढून फेकला आणि जुना घातला. हेल्पलाइनला तीनदा फोन केला, त्यांनी फक्त गाणं ऐकवलं."

सोमवारी सकाळी ताई आल्या त्या थेट बेसिनकडे गेल्या आणि कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या. मी रुमाल घेऊन उभा. "शी," त्या म्हणाल्या, "किळस येते मला माझीच. ज्यांचा पडदा काळा झाला, त्यांना मी प्रश्न पडद्यावर विचारला. दहा दिवसांनी! ते कधीच गेले होते." हुशार माणसाची चूकही हुशार असते. भांडखोरांना टाळायला गेल्या आणि दुखावलेले सगळेच्या सगळे गाळून बसल्या.

आम्ही केबिनमध्ये गेलो. साहेब पेपरक्लिप सरळ करून कान कोरत होता. ताईंनी सगळं सांगितलं. त्याने क्लिप बाहेर काढली, निरखून पाहिली आणि अहवालाच्या कोऱ्या कोपऱ्याला पुसली.

"अठरा हजार माणसं आहेत, बाई."

"साहेब, दारोदार जाऊन 'घरात आहात का' म्हणून हाक मारली, आणि ज्यांनी ओ दिली तेवढेच मोजले, तर सगळं गाव घरातच असतं."

"मग खाली बारीक अक्षरात एक टीप टाका. तक्रारवाले आपोआप गळले, सुंठीवाचून खोकला गेला. गिऱ्हाईक खूश आहे ना?"

"मी सही करणार नाही."

हे मात्र त्याला झोंबलं. प्रश्नावली करणाऱ्याच्या सहीशिवाय कंपनी अहवाल घेत नव्हती. दोन दिवस तो गोड बोलला, दोन दिवस ओरडला, पाचव्या दिवशी वाकला. ठरलं ते असं : हेल्पलाइनला फोन केलेल्या अडीच हजारांतून चिठ्ठ्या टाकून दोनशे निवडायचे, त्यांना फोनवर विचारायचं, मुदत दोन आठवडे. कंपनीची एक बाई लक्ष ठेवणार. आणि जाताजाता साहेब दात काढत म्हणाला, "दोनशेत एक जरी तुमच्या ओळखीपाळखीचा सापडला, तर सगळं रद्द. पहिला अहवाल जाईल, तुमच्या सहीने."

नवव्या दिवशी माझ्या वाट्याच्या यादीत एकशे त्रेचाळीसावं नाव आलं. आडनाव ताईंचं माहेरचं, पत्ता जिन्याखालच्या खोलीचा. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणालो, "ताई, चिठ्ठीनेच आलंय. आपण थोडंच घातलंय? फोन मी करतो. तुम्ही पाहिलंच नाही असं समजा."

"पाहिलंय ना पण."

"कोण बघायला येतंय?"

"साहेब. तो एवढ्याचीच वाट बघतोय. दादासाठी एकशे नव्याण्णव माणसांचं म्हणणं पाण्यात घालू?" त्यांनी पट्टी ठेवून नावावर दोन रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं, "नातेवाईक, वगळले." बदली यादीतलं पुढचं नाव एका गृहस्थाचं निघालं. त्याने फोनवर जांभई देऊन सांगितलं, की त्याने कधीच नवा संगणक घेतलाय आणि आता त्याला काही त्रास नाही.

दोनशेपैकी एकशे अडुसष्ट जण म्हणाले, पडदा अनेकदा काळा झाला. अहवाल ताईंच्या सहीने गेला, पहिल्या पानावर पहिल्या सर्वेतली स्वतःची चूक त्यांनी स्वतःच्याच हाताने लिहिली. कंपनीने तोंड वाकडं केलं, पण नाकारता येईना. महिन्याने निर्णय आला. मी उघडून वाचला, आणि मला वाटलं, जिंकलो. मग दुसरा परिच्छेद वाचला.

जुना ड्रायव्हर राहणार होता, पण सरसकट नाही. दोनशेंच्या नमुन्यात ज्या मॉडेलच्या कार्डाच्या किमान पाच तक्रारी आहेत, तेवढ्याच कार्डांसाठी. बाकीच्यांसाठी तीन महिन्यांत बंद.

ताई कडाडल्या. "दोनशे माणसं एवढ्यासाठी विचारलीच नव्हती! चार आणि पाच यात काय फरक आहे? असा चाळणीसारखा वापर करायचा असतो का नमुन्याचा?" त्यांनी तिथल्या तिथे तीन पानी पत्र लिहिलं. कंपनीचं उत्तर एका ओळीत आलं : कुठेतरी रेघ ओढावीच लागते. असली वाक्यं लिहिणाऱ्यांच्या बोटांना ओकारी कशी येत नाही, मला कळत नाही.

कार्डावार तक्ता माझ्याकडेच होता. दादांच्या कार्डापुढे चार होते. मी तीनदा मोजले, चारच. पाचवी तक्रार त्या दोन रेघांखाली होती. मला तो तक्ता फाडून गिळावासा वाटला. साहेबाची, कंपनीची किळस तर जुनीच, पण त्या दिवशी मला त्या पट्टीचीही किळस आली आणि त्या सरळ रेघांचीही. तसं मी ताईंना बोलूनही दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा आलं तरी पुन्हा काढीन." आपलेच दात, आपलेच ओठ.

मी म्हटलं, दादांना हे सगळं सांगायची काय गरज आहे? कंपनीने बंद केलं, एवढं पुरे. ताईंनी माझ्यासमोरच फोन लावला. सर्वेच्या फोनचा तो स्पीकर, दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"दादा, तुझ्या कार्डाचा जुना ड्रायव्हर बंद होतोय. पाच तक्रारी लागत होत्या, चार झाल्या. पाचवं नाव तुझं निघालं होतं चिठ्ठीत. ते मी काढलं."

पलीकडे खुर्ची कुरकुरली.

"माझं नाव निघालं होतं?"

"हो."

"तू म्हणाली होतीस, दोन आठवडे फोन चालतील. कधीही येईल. मी ते दोन आठवडे घराबाहेर पडलो नाही गं."