ताईची दाद

माझी थोरली बहीण गाण्याच्या शिकवण्या घेते. बाहेरच्या खोलीत सतरंजी, पेटी, आणि सूर चुकला की लगेच वर चढणारी तिची भुवई. तिच्या लेकीचं सगळं गाणं त्या भुवईच्या धाकात झालं. घरच्यांना दाद द्यायची नाही, डोक्यावर बसतात, हा ताईचा नियम. मुलीनं कितीही जीव ओतून गायलं तरी ताईचं फक्त, "हं, पुढे."

ती मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिथल्या एका जुन्या चर्चच्या गायकवृंदात गायला लागली. तेव्हापासून फोनवर एकच धोशा: "आमच्या बाई म्हणतात, आमच्या बाई सांगतात." या बाई म्हणजे वृंदाच्या शिक्षिका, समोर उभ्या राहून हाताच्या खुणांनी गाणं चालवणाऱ्या. ताईच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. आम्ही दोघी त्या वृंदाच्या भक्तिसंगीताच्या कार्यक्रमाला म्हणून निघालो, तर विमानात मला म्हणाली, "सारेगम मी घोटून घेतलं, आणि बाई कोण, तर ती!"

चर्च शेकडो वर्षांचं. दगडी खांब, झिजलेल्या पायऱ्या, पाठ मोडेल अशी लाकडी बाकं. लोक माना वर करून छत बघत होते. ताई बाईंना बघत होती. उंच, पांढऱ्या केसांच्या, साध्या काळ्या कपड्यातल्या बाई. नाव ठेवायला काही सापडेना, तेव्हा ताई पुटपुटली, "ऐकणाऱ्यांकडे पाठ करून उभ्या राहतात. काय ही रीत?"

गाणं सुरू झालं. आमची मुलगी मागच्या रांगेत होती. ताई डोळे मिटून तिचा आवाज शोधायला लागली, जत्रेत हात सुटलेलं पोर शोधावं तशी. सापडेना. डोळे उघडले तर मुलगी बाईंच्या बोटांकडे टक लावून बघत होती.

"माझ्याकडे बघायची अशी," ताई माझ्या कानाशी म्हणाली. मला तिची कीव आली आणि हसूही आलं. सवतीमत्सर ऐकून होते, हा प्रकार नवा होता.

मग बाईंचा हात हळूहळू खाली आला. सगळे आवाज बारीक होत होत एका सुरावर टेकले आणि तिथेच विरले. तिथे कार्यक्रम संपेपर्यंत कुणी हूं की चूं करत नाही. त्या शांततेत ताईच्या तोंडून निघून गेलं, "वाऽ! वाऽऽ!" दगडी भिंतींनी ते आणखी मोठं करून सगळ्यांना ऐकवलं. माना वळल्या. मी पदरात तोंड लपवलं.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी धावतच बाहेर आली. "आई, जन्मात पहिल्यांदा दाद दिलीस मला!"

मला वाटलं, ताई 'हो' म्हणून मोकळी होईल. पण सुरांच्या बाबतीत ती खोटं बोलत नाही.

"तुला नाही दिली. तुझा आवाज सापडलाच नाही मला. तुझ्या बाईंना दिली."

मुलीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आवाज वेगळा निघू द्यायचा नाही, तेच तर शिकतेय इथे."

"आणि मी उलटं शिकवलं."

"हो."

"जळफळाट होतो गं माझा," ताई सरळ बोलून गेली. "एक कर. इथेच, हळू आवाजात, एकटीनं गा. मला ऐकू दे."

मुलीनं गळ्याला हात लावला. "आज नको ना, आई. उद्या पुन्हा गायचंय. बाईंनी गळा जपायला सांगितलंय."

ताईला तोवर कुठल्याच शिष्येनं नाही म्हटलं नव्हतं. ती दाराकडे बघत राहिली. तिथे बाई बाकीच्यांचा निरोप घेत होत्या.

"मग आता बोलूही नकोस," ताई म्हणाली. "त्या सांगतात तसं कर."