शहराच्या हद्दीत मिस ओलिथा

मार्लफोर्ड शहराचं सगळं सांडपाणी आमच्या वस्तीखालून जातं. मेयरच्या घरचं, बँकेतलं, क्लबातल्या पोहण्याच्या तलावावरचं, सगळं. ते साफ करायचा कारखाना त्यांनी उतारावर आमच्या शेजारी बांधला आणि त्याचा मोठा नळ आमच्या भाजीच्या वाफ्यांखालून नेला. आमच्या घरांना मात्र तो नळ जोडायची परवानगी नव्हती, कारण आम्ही शहराच्या हद्दीत नव्हतो. हद्दीची रेघ आमच्यापाशी यायची आणि रस्त्यातली घाण चुकवून माणूस पुढे जातो तशी वळसा घालून पुढे जायची.

या वस्तीला आम्ही बॉटम म्हणतो. सगळे काळे, आणि बहुतेक एकमेकांचे नातेवाईक. मी सेप्टिक टँक उपसायचा धंदा करतो. शहराचं गटार इथे आलं की माझ्या पोटावर पाय येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी वस्ती शहरात घ्या अशा अर्जावर मिस ओलिथाने सही मागितली तेव्हा मी मुकाट्याने केली. तिला नाही म्हणायची बॉटममध्ये कोणाची छाती नव्हती.

ओलिथा स्नीड, लग्न होऊन लेक झालेली तरी मानाने आम्हा सगळ्यांची 'मिस ओलिथा', शहराच्या शाळेत स्वयंपाकीण होती. निम्मं मार्लफोर्ड तिच्या हातचे गरम पाव खाऊन वाढलं. शाळा सुटली की तिथलंच पाणी दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ती घरी आणायची, कारण तिच्या विहिरीच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास यायचा.

"पाणी तर हवंच, क्लेव्हन," ती मला म्हणायची, "पण मला मत हवंय. कचऱ्याचा डोंगर माझ्या दारात घालणार हे शहरवाले. मला मागे पडवी काढायची तर हद्दीबाहेर असूनही परवानगी ह्यांची. आणि ह्यांना निवडताना मी कोणी नाही? एकदा तरी त्या मेयरने माझ्या पायरीवर उभं राहून, टोपी हातात घेऊन मत मागितलं पाहिजे."

"आणि मागितलं तर देणार?"

"देते कशाला? आधी उन्हात उभा करीन."

दर महिन्याला कौन्सिलची सभा भरते तिथे ती चर्चची हॅट घालून जायची. बोलायला तीन मिनिटं. समोर दिवा असतो, लाल झाला की माइक बंद. पाच सभासद आणि मेयर वर बसायचे आणि तिच्याकडे पाहून गोड हसायचे. ही मंडळी पूर्वी वॉर्डावॉर्डातून यायची म्हणे. मग कुणा सुधारकांनी ठरवलं की वॉर्डाच्या राजकारणात लाचखाऊपणा फार, म्हणून आता सगळ्यांना सगळं शहर निवडतं. म्हणजे टेकडीवरचे गोरे निवडतात, मतं त्यांचीच जास्त, दुसरं काय. शिवाय मेयर फिती कापण्यापुरता. खरा कारभार पगारी मॅनेजर हाकतो, हॅनफर्ड नावाचा, आणि त्याला तर कोणीच निवडलेलं नाही.

कितीतरी वर्षं ऐकून घेतल्यावर शहराच्या वकिलाने एकदा सांगितलं, "वस्ती हद्दीत घेता येईल, मिसेस स्नीड. जमिनीच्या प्रत्येक मालकाची सही आणा."

तो हे हसत का म्हणाला ते आम्हाला कळलं. आमच्यात मृत्युपत्र करायची रीत नाही. मृत्युपत्र केलं की मरण लवकर येतं, असं आमची जुनी माणसं मानायची, आणि वकिलावर तर कोणाचाच भरवसा नव्हता. त्यामुळे मिस ओलिथाच्या आजोबांची जमीन त्यांच्या सगळ्या वंशजांची. ते न्यूअर्कला, बाल्टिमोरला, देव जाणे कुठे कुठे. एकाचीही सही राहिली तर सगळं मुसळ केरात.

तिने काय केलं? ऑगस्टमध्ये सगळ्या खानदानाचा मेळावा बोलावला. मासे तळले, रताळ्याचे गोड पाय-केक भाजले, आणि जेवणाच्या टेबलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून स्वतः बसली.

"आधी सही, मग ताट."

"ओलिथा, मी रात्रभर गाडी चालवत आलोय," बाल्टिमोरचा एक चुलतभाऊ कुरकुरला.

"मग हात दमला असेल. छोटी सही कर."

सगळ्यांनी केल्या. जे आले नाहीत त्यांच्या दारात ती बसने गेली. पुढच्या वसंतात कौन्सिलने तीन विरुद्ध दोन मतांनी बॉटम शहरात घेतलं. त्या दिवशी चर्चमध्ये बायका रडल्या, मीही रडलो, आणि मिस ओलिथा मतदार म्हणून शहराच्या यादीत नाव घालून आली. एवढी खूश मी तिला तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिली नाही.

उन्हाळा सरायच्या आत डेरेक आला. शहराचा घरं तपासणारा माणूस, आमच्यातलाच. हॅट काढून पायरीवर उभा राहिला.

"मिस ओलिथा, तुमच्या हातचे पाव खाल्लेत मी. मला हे बोलवत नाही."

"बोल की, बाळा."

"शहराच्या हद्दीत राहत्या घराला गटाराची जोडणी नाहीतर धड टाकी लागते, चांगलं पाणी लागतं. तुमची विहीर खराब आहे, टाकी फुटलीय. घर राहायला लायक नाही असं मला लिहावं लागतंय."

"काल याच घरात राहत होते मी."

"काल शहराचा राहत्या घरांचा कायदा तुम्हाला लागू नव्हता."

"मग जोडा की नळ. माझ्या भेंडीखालून तर जातोय."

"तो मोठा नळ आहे, त्याला घरं जोडत नाहीत. तुमच्यासाठी वेगळा टाकणार. दोन वर्षांत."

मी मध्ये पडलो. म्हटलं, मी उद्या नवी टाकी बसवतो, एक पैसा नको. डेरेक माझ्याकडे न बघता म्हणाला की जिथे शहराचा नळ येणार आहे तिथे नवी टाकी बसवायला परवानगी नाही. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने ते ऐकून घेतलं. त्याला दोन मुलं आहेत आणि ही नोकरी.

मिस ओलिथा पुन्हा कौन्सिलपुढे उभी राहिली. या वेळी रहिवासी म्हणून. "मी दोन वर्षं थांबते," ती म्हणाली, "तुम्हीही थांबा. एवढंच मागतेय."

मॅनेजर हॅनफर्डने फार आदराने उत्तर दिलं. "मॅडम, इतकी वर्षं तुमची तक्रार होती की शहर तुम्हाला वेगळं वागवतं. आता तुम्हाला सवलत दिली तर तेच होईल. कायदा सगळ्यांना सारखा." वरचे पाचही जण माना डोलावत होते. तिची मिनिटं शिल्लक होती, पण ती खाली बसली. ती बोलायची थांबली आणि दिवा हिरवाच राहिला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

घर पाडलं. पाडायचा खर्चही जमिनीवर बोजा म्हणून चढवला. मिस ओलिथा मुलीकडे राहायला गेली, हायवेपलीकडे, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात, ट्रेलरमध्ये. माझं घर विटांचं, टाकी आणि विहीर धड, म्हणून मी वाचलो.

नोव्हेंबरात शहराची निवडणूक आली. सकाळी मी ट्रक घेऊन गेलो तर ती चर्चची हॅट घालून तयार होती. मतदान शाळेतच होतं, ती जिथे मुलांना जेवण वाढायची त्याच खोलीत. टेबलावरच्या बाईने तिला ओळखलं, यादीत नाव काढलं आणि विचारलं, "पत्ता डॉब्सन रोडचाच ना, मिस ओलिथा?"

मी तिच्या कानात म्हटलं, "हो म्हणा. फक्त हो म्हणा."

तिने माझा हात बाजूला केला. "तिथे घर नाही आता. ह्यांनी पाडलं. मी हायवेपलीकडे राहते, लेकीकडे."

बाईचा चेहरा पडला. "ते हद्दीबाहेर येतं हो."

"ठाऊक आहे मला."

मागे रांग वाढत होती. मिस ओलिथाने मला पुढे ढकललं. "तू आहेस ना आत? मग दे जा. मी ट्रकमध्ये बसते."

मी मत देऊन आलो. ती पर्स मांडीवर धरून समोर बघत बसली होती.

"कोणाला दिलंस?"

"मेयरला," मी म्हटलं. "एकच नाव होतं."