थोरल्याचं शेवटचं वाक्य

इथं परदेशात, सिटीवेस्टच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चालली होती. एका जुन्या अमेरिकन नाटकाचं मराठी मीच केलं होतं आणि बसवतही मीच होतो, त्यामुळे माझा पारा कायम चढलेला असायचा. नाटकातलं कुटुंब एकमेकांना थापा मारत सुखात राहतं. शेवटी थोरला मुलगा बापाला खरं काय ते सुनावतो आणि कायमचं घर सोडतो.

थोरल्याचं काम करणारा दाराशी गेला आणि म्हणाला, "आई, जातो मी."

"जातो काय म्हणतोस? येतो म्हण," मागून माझी आई म्हणाली. ती साताऱ्याहून आमच्याकडे आली होती आणि तिथं मटार सोलत बसली होती. सगळे हसत सुटले. स्टेजवरच्या आईलाही हसू आवरेना.

मी वैतागलो. "अगं, तो परत येणार नाहीये. सगळं नाटक त्यावरच उभं आहे."

"ते त्याला माहीत आहे, त्याच्या आईलाही माहीत आहे. म्हणून काय तसं बोलून निघायचं?"

मी कुरकुरत वाक्य बदललं. प्रयोगात थोरला "येतो" म्हणाला आणि तोवर खिदळणारा हॉल एकदम गप्प झाला. आई तेवढी समाधानानं मान डोलवत होती.

मी आता इथं घर घेतलंय, मुलं इथल्याच शाळेत जातात. सुट्टी संपवून साताऱ्याहून निघताना मी दारात "येतो" म्हणतो. आई हसून "ये" म्हणते.